आत्याची दुसरी ओळ

आमचा मेल परत आला तेव्हा आत्या टेबलावर होती. म्हणजे अक्षरशः टेबलावर, गुडघे टेकून. आम्ही रंगमंचाचे पडदे शिवतो, आणि आमचं कापायचं टेबल इतकं रुंद आहे की मधोमध खडूची रेघ ओढायची तर वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. डॉक्टरांनी तिला गुडघे जपायला सांगितलंय. ती जपते, घरी गेल्यावर.

“आत्या, खाली उतर!” मी कॉम्प्युटरसमोरून ओरडले. “दरपत्रक पोचलंच नाही!”

“कुठलं?”

“कुठलं म्हणजे? मोठ्या नाट्यगृहाचं!”

ती उतरली ती खडू हातात घेऊनच. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, आणि मला माझ्याच ओरडण्याचा राग आला. इतर कुठलंही दरपत्रक असतं तर मी हळू सांगितलं असतं. पण हे मोठ्या नाट्यगृहाचं होतं, आणि हळू बोलणं तसंही मला जमत नाही.

आजवर आम्ही शाळांच्या सभागृहांचे, छोट्या नाट्यगृहांचे, एकदा तर एका जादूगाराच्या फिरत्या तंबूचे पडदे शिवले. पण हे प्रकरण वेगळं होतं. तरुणपणी आत्या एकदा आजोबांबरोबर त्या दुसऱ्या शहरातल्या नाट्यगृहात गेली होती. नाटक कुठलं होतं, ते तिला आठवत नाही. पडदा कसा उघडला, ते मात्र ती आजही दोन्ही हातांनी करून दाखवते. मी लहान असल्यापासून ऐकत आलेय, “असा एक पडदा माझ्या हातून व्हायला पाहिजे बघ.” आता ती जुनी इमारत जाऊन तिथे नवी उभी राहिली होती, नवा पडदा हवा होता, आणि चार जणांबरोबर आम्हालाही दर विचारले होते. शेवटची मुदत आज, कार्यालय बंद होईपर्यंत.

आणि आमचा मेल दारातूनच परत.

सोबत एक चिठ्ठीवजा मजकूर होता. मी तो मोठ्यानं वाचला. “हा मेल खरोखर या डोमेनकडून आल्याची खात्री पटत नाही. डोमेनच्या मालकाच्या सूचनेनुसार तो नाकारण्यात येत आहे.”

“डोमेनचा मालक कोण?” आत्यानं विचारलं.

“आपणच. मेलच्या पत्त्यात शेवटी आपल्या दुकानाचं नाव येतं ना, ते आपलं डोमेन.”

“मग आपणच आपल्याला नाकारलं?”

मी कपाळावर हात मारून घेतला, कारण तेवढ्यात मला सगळं आठवलं.

मध्यंतरी कोणीतरी भामटा आमच्या नावानं लोकांना मेल पाठवत होता. जुन्या गिऱ्हाइकांना स्वस्तात पडदे देतो म्हणून सांगायचा, आणि पत्त्यात आमच्याच दुकानाचं नाव दिसायचं. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावून ते म्हणाले, “आमच्या नावानं खोटा मेल आला तर काय करायचं, ते जगाला सांगता येतं का?” तिकडून उत्तर आलं, येतं की. डोमेनच्या खात्यात एक ओळ लिहायची. डीमार्क म्हणतात तिला. त्यात तीन पर्याय असतात: नुसती नोंद घ्या, संशयितांत टाका, नाहीतर सरळ परत पाठवा. कंपनीवाल्यानं बिचाऱ्यानं सांगितलंही होतं, आधी नुसती नोंद ठेवा, आपले खरे मेल नीट जातायत ना ते बघा, मग हळूहळू कडक व्हा. पण हळूहळू हा शब्द आमच्या घराण्यात कोणाला माहीत आहे? बाबांनी सरळ परत पाठवायचा पर्याय टाकला आणि मिशीवरून हात फिरवला. दारात कुत्रं बांधलं, आणि ते घरच्यांनाच ओळखेना, अशी आमची गत.

मी नाट्यगृहाच्या खरेदी अधिकारी बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा थंड.

“तुमचा मेल आमच्या सर्व्हरनं नाकारलेला दिसतोय,” त्या म्हणाल्या. “आम्ही काही करू शकत नाही.”

“मी माझ्या खासगी पत्त्यावरून पाठवू?”

“चालणार नाही. संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच हवं. मध्यंतरी बरेच खोटे दर आले, त्यामुळे समितीनं नियम केलाय.”

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. “मी गाडीनं येऊन हातात आणून देते हो.”

“कागदावरचं घेत नाही, ताई. सगळ्यांना एकच नियम. आज कार्यालय बंद व्हायच्या आत मेल आला पाहिजे.”

फोन ठेवल्यावर आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि राग जास्त होता. मला बरं वाटलं. रागात आमच्या घरचे लोक उत्तम काम करतात.

“काय करायचं ते सांग,” ती म्हणाली. “मी करते.”

मेलची ओळख पटते की नाही, ते तपासून देणारी एक साइट असते. दुकानाचं डोमेन टाकायचं, ती लाल-हिरवं करून दाखवते. मी टाकलं. तीन चौकटी आल्या. बाबांची कडक सूचना तेवढी हिरवीगार, बाकी दोन्ही लालभडक.

“हे पहिलं लाल काय आहे?”

“एसपीएफ. आपल्या नावानं मेल पाठवायची मुभा कोणाकोणाला आहे, हे जगाला सांगणारी ओळ. म्हणजे आपली मेलसेवा आणि आपलं बिलांचं सॉफ्टवेअर.”

“पण ती तर आहे! मी स्वतः घातलीय!”

“साइट म्हणतेय, एक नाही, दोन आहेत.”

“मग चांगलंच की,” आत्या म्हणाली. “आधीची तू घातलेली, मेलसेवेची. बिलांचं आलं तेव्हा त्यांनी नवी ओळ दिली, ती मी शेजारी घातली. जुनीला हातसुद्धा लावला नाही.”

आता इथे आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. दुरुस्तीला पडदा आला की आम्ही जुनी शिवण उसवत नाही. जुन्या मखमलीत एकदा पडलेली भोकं परत बुजत नाहीत, ओढाताण केली तर कापडच फाटतं. म्हणून जुन्या शिवणीला धक्का न लावता शेजारून दुसरी घालायची. आजोबांनी घालून दिलेला हा दंडक, आणि आत्याच्या हाडीमांसी मुरलेला. ती स्वेटरची वीणसुद्धा उसवत नाही, चुकली तर चुकलेला स्वेटर मला देते. तर एसपीएफच्या एका ओळीशेजारी तिनं दुसरी ओळ घातली नसती, तरच नवल.

“आत्या, हे कापड नाही. या ओळी दोन झाल्या की समोरचा सर्व्हर गोंधळतो आणि दोन्ही रद्द धरतो. एकच हवी. दोघांची नावं त्या एकाच ओळीत लिहायची आणि दुसरी काढून टाकायची.”

“काढून टाकायची?”

“उसवायची.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजोबांचा फोटो खाली उतरवायला सांगितलं. “आणि उसवल्यावर बिलं जायची बंद झाली तर? आत्ता निदान ती तरी जातात.”

“जात नाहीत, आत्या! तीही परत येत असणार. तरीच म्हटलं, आजकाल बिलांबद्दल कोणी काही बोलत का नाही!”

एवढ्यात बाबा दोऱ्यांची रिळं घेऊन जिना चढून आले. त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि मी ते थोडं चढ्या आवाजातच सांगितलं. आपल्या ओळीनं आपलाच गळा धरला हे ऐकून ते खुर्चीत बसले.

“मग ती काढून टाक,” ते म्हणाले.

“नाही काढायची. काढली तर तो भामटा पुन्हा मोकळा. आणि ती काढून आपण अस्सल थोडेच ठरतो? आपली ओळखच पटत नाहीये, तिथे घोडं अडलंय. ते नीट करायचं. ती दुसरी लाल चौकट बघा, डीकिम. मेलसेवेनं एक लांबलचक चावी दिली होती. ती डोमेनच्या खात्यात टाका म्हणून मी तुम्हाला छापून दिली होती. कुठेय?”

बाबांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. “कपाटात. कुलपात.”

“कुलपात का?”

“चावी आहे ना ती? तूच म्हणालीस, ती सगळ्या जगाला दिसेल अशी ठेवायची. कोणी शहाणा माणूस आपली चावी चव्हाट्यावर टांगतो?”

मी ओरडणार होते, पण खरं सांगायचं तर मला हसूच फुटलं. मग आत्याही हसली, आणि बाबा रागावले, आणि त्यामुळे आम्ही आणखी हसलो. वेळ हातातून चालला होता आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो.

“बाबा, याचे दोन भाग असतात. एक मोहोर उठवायचा. तो मेलसेवेकडेच असतो, कोणाला दिसत नाही. प्रत्येक मेलवर ते त्यानं मोहोर उठवतात. हा तुमच्या कपाटातला भाग नुसता मोहोर खरी की खोटी ते बघायचा. यानं कोणाला काही उघडता येत नाही आणि खोटी मोहोरही उठवता येत नाही. हा दडवून ठेवला तर आपली मोहोर ओळखणार कोण?”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं! तुम्ही चावी हा एकच शब्द ऐकलात!”

“दादा,” आत्या म्हणाली, “कपाट उघड.”

धाकट्या बहिणीचा तो आवाज बाबांनी आयुष्यात दोन-चार वेळाच ऐकला असेल. त्यांनी कपाट उघडलं.

चावीचा मजकूर मी कागदावरून टाइप केला नाही, एवढी अक्कल मला होती. मेलसेवेच्या पानावरून जसाच्या तसा उचलला, डोमेनच्या खात्यात चिकटवला, आणि मोहोर सुरू करायचं बटण दाबलं. राहिली आत्याची ओळ.

“मीच करणार,” ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली.

मी सांगत गेले तशी ती करत गेली. आधी जुन्या ओळीत मेलसेवेच्या पुढे बिलांच्या सॉफ्टवेअरचं नाव घातलं. एक जागा सोडून, शेवटच्या खुणेच्या आधी. तिनं ते तीनदा वाचलं, शिवणीवरून बोट फिरवतात तसं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट फिरवून. मग दुसऱ्या ओळीशेजारच्या कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर माउस नेला आणि थांबली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायची?

“बाबा रागावले असते,” ती म्हणाली. तिचे बाबा, म्हणजे माझे आजोबा.

“मी आहे ना रागवायला,” माझे बाबा म्हणाले. “मी नाही रागावत. उसव.”

तिनं उसवली.

मी लगेच तपासणीची साइट ताजी केली. लाल. पुन्हा केली. लाल.

“झालं नाही का?” आत्याचा आवाज चिरकला.

“झालंय. पण सर्व्हरांना जुनं उत्तर काही काळ लक्षात राहतं. ते विसरून नवं विचारेपर्यंत थांबायचं.”

“किती?”

“कमीही लागतो वेळ, जास्तही लागतो.”

तुम्हाला सांगते, थांबणं हा प्रकार आमच्या रक्तातच नाही. बाबा खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालू लागले. आत्यानं इस्त्री तापवली आणि आधीच इस्त्री केलेल्या अस्तरावर ती पुन्हा फिरवू लागली. मी साइट ताजी करत राहिले. रस्त्यावरून एक ट्रक पाठीमागे येताना पिपी करत होता, आणि त्याचासुद्धा मला राग आला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. समोर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे सारखी त्याच्याकडेच बघत होते.

मग पहिली चौकट हिरवी झाली.

“आत्या!”

“काय?”

“हिरवी! तुझी हिरवी!”

तिनं इस्त्री उभी ठेवली, एवढं भान तिला राहिलं. तिघं कॉम्प्युटरवर वाकलो. थोड्याच वेळात दुसरीही हिरवी झाली. मी माझ्या खासगी पत्त्यावर एक चाचणीचा मेल पाठवला आणि त्याच्या पोटात शिरून बघितलं. एसपीएफ पास. डीकिम पास. डीमार्क पास. परीक्षेत मी कधी इतकी पास झाले नव्हते.

“पाठव,” बाबा म्हणाले. “आणि दोनदा पाठव, खबरदारी म्हणून.”

“नाही!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

दरपत्रक गेलं, एकदाच. मी फोन लावला. पलीकडे त्या थंड बाई कळफलकावर काहीतरी दाबत होत्या, ते ऐकू येत होतं.

“आला,” त्या म्हणाल्या. “मुदतीत आहे. कुठलाही इशारा नाही. शुक्रवारी निर्णय मेलनं कळवू.”

मी फोन ठेवला आणि आम्ही कारखाना डोक्यावर घेतला. बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या कमरेत लचक भरली. आत्या त्या डॉक्टरांनी जपायला सांगितलेल्या गुडघ्यांवर नाचली.

शुक्रवार आला. सकाळ गेली, दुपार गेली. मेल नाही.

“दिलं दुसऱ्या कोणालातरी,” आत्या म्हणाली. ती मशीनवर एका शाळेचा पडदा शिवत होती आणि टाका सरळ जात नव्हता. मी तिचा टाका वाकडा गेलेला कधी पाहिला नव्हता.

“फोन करून विचारते,” मी म्हणाले.

“नाही,” बाबा म्हणाले. “दिलं असतं तर कळवलं असतं. नाही दिलं तर नाही दिलं. हातापाया पडायचं नाही.”

“विचारणं म्हणजे पाया पडणं नव्हे, बाबा!”

“मला वाईट वाटतंय,” आत्या मध्येच म्हणाली, मशीन थांबवून. “उगाच खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटतंय मला. मी मनातल्या मनात तो अर्धा शिवूनसुद्धा टाकला होता.”



ती उठली आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून तिला मेलचं वेड लागलं होतं. रोज सगळे कप्पे उघडून बघायची, संशयितांचा म्हणजे स्पॅमचासुद्धा. कोण पास झालं, कोण नापास, ते आम्हाला वाचून दाखवायची. आता मन रमवायला तिनं तोच उघडला. वजन कमी करायच्या गोळ्या, न काढलेल्या लॉटऱ्या, असं काहीबाही. मग ती अचानक थांबली.

“अगं, हे बघ.”

मोठ्या नाट्यगृहाचा मेल होता. सकाळीच आलेला. वर पिवळी पट्टी: हा मेल खरोखर त्यांच्याकडून आला आहे, याची खात्री करता आली नाही, सावध राहा. आणि खाली मजकूर, समितीनं आपल्या संस्थेची निवड केली आहे, स्वीकार आजच कळवावा.

“खोटा!” बाबा गरजले. “त्या भामट्याचाच! आता त्यांच्या नावानं सुरू झाला!”

मी तपासणीच्या साइटवर नाट्यगृहाचं डोमेन टाकलं. चौकट लाल. खाली कारण लिहिलं होतं, एसपीएफच्या ओळी एकापेक्षा जास्त. एक मेलची आणि शेजारी दुसरी, तिकीटविक्रीच्या सेवेची.

आत्यानं ते वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं. “यांच्याकडेही कोणीतरी शिवणारी बसलेली दिसते,” ती म्हणाली.

“मला दे तो फोन,” मी म्हणाले. “त्या बाईंना आता मी सांगते नियम काय असतो तो! सगळ्यांना एकच ना?”

“तू गप्प बस. त्या अडून बसल्या म्हणून आपण शिकलो.”

फोन तिनंच लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“अहो, आम्ही सकाळपासून तुमच्याच उत्तराची वाट बघतोय!” खरेदी अधिकारी बाई म्हणाल्या. आज त्यांचा आवाज थंड नव्हता. “तुम्हाला नकोय का काम? संध्याकाळी मला दुसऱ्यांना कळवावं लागलं असतं.”

“म्हणजे तो मेल तुमचाच?”

“आमचाच म्हणजे? मी स्वतः पाठवला!”

आत्यानं एक हात टेबलावर टेकला. मला वाटलं, आता ती रडणार. पण ती आधी म्हणाली, “ताई, रागावू नका. तुमचा मेल आमच्याकडे स्पॅममध्ये पडला होता. तुमच्या डोमेनच्या खात्यात एसपीएफच्या दोन ओळी आहेत. तिकीटवाल्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्या आणि दुसरी काढून टाका. भ्यायचं नाही. काही फाटत नाही.”

“थांबा हं,” बाई म्हणाल्या, “लिहून घेते.” त्यांनी लिहून घेतलं, आत्याकडून परत वदवून घेतलं, आणि मग विचारलं, “बरं, माप घ्यायला कधी येताय? आणि कोण येणार?”

आत्यानं बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माप घ्यायला नेहमी बाबाच गेले. गिऱ्हाइकांसमोर उभे राहिले ते बाबा, आणि उघडलेले पडदे बघून आले तेही बाबाच. आत्यानं शिवलेल्या पडद्यांपैकी निम्म्याहून जास्त टांगलेले तिनं कधी पाहिलेच नाहीत. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंही नव्हतं. बाबांना सुचलं असावं, कारण त्यांनी फोनकडे बोट केलं आणि मान हलवली. सांग, म्हणाले, तूच सांग.

“मी येणार,” आत्या म्हणाली. “शिवणारी मीच आहे.” आणि मग तिला रडू आलं, आणि रडतारडताच तिनं विचारलं, “आज आले तर चालेल?”

“या की,” बाई म्हणाल्या. “मी थांबते.”

आत्या चपला शोधू लागली. बाबा मात्र तिच्याही आधी, लचकलेल्या कमरेवर हात ठेवून, तिच्यासाठी गाडी थांबवायला जिना उतरत होते.